ब्लेंडेड अभ्यासक्रम आखायला शिकताना: महाविद्यालयीन शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

ब्लेंडेड अभ्यासक्रम आखण्याच्या प्रशिक्षणाला कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांतले शिक्षक येतात. येण्याआधी, आल्यावर आणि परत जाऊन पहिलं सत्र शिकवल्यावर ते जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. काहींना दोन ओळी पुरतात, काहींवर अख्खी दुपार जाते. त्यामुळे उत्तरांची लांबी सारखी नाही.

ब्लेंडेड म्हणजे लॉकडाउनमध्ये झूमवर शिकवलं तेच ना?

नाही. तेव्हा आपण वर्गातलं व्याख्यान उचलून पडद्यावर ठेवलं, मुलांनी कॅमेरे बंद केले आणि आपण ‘आवाज येतोय का?’ विचारत राहिलो. ती आणीबाणीतली सोय होती. ब्लेंडेडमध्ये विषयाचा काही भाग विद्यार्थी आपल्या वेळेनुसार ऑनलाइन करतो, काही भाग वर्गात होतो आणि दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून असतात. तपासायची सोपी खूण अशी: ऑनलाइन काम न करता आलेल्या मुलाचं वर्गात काहीच अडलं नाही, तर दोन्हींची सांगड बसलेली नाही. तुम्ही फक्त वर्गाला एक व्हिडिओ चिकटवला आहे.

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) किती टक्के ऑनलाइन चालवून घेते?

इथे दोन वेगवेगळ्या ‘चाळीस टक्क्यां’चा घोळ होतो. मे २०२१मध्ये यूजीसीने ब्लेंडेड पद्धतीवरचं संकल्पना टिपण अभिप्रायासाठी काढलं. त्यात स्वयम (केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ) सोडून इतर प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला ६० टक्के प्रत्यक्ष शिकवावा, असं सुचवलं होतं. दुसरे चाळीस टक्के स्वयमच्या २०२१च्या क्रेडिट नियमांतले: एका सत्रात एखाद्या पदवीक्रमातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय विद्यार्थ्याला स्वयमवरून करता येतात. पहिला आकडा एका विषयाच्या आतला आहे, दुसरा विषयांच्या संख्येचा.

एका क्रेडिटला १५ तास धरले, तर दोन क्रेडिटच्या विषयाचे ३० तास होतात आणि त्यातले १२ ऑनलाइन नेता येतील. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते मात्र आधी पाहा, कारण लेखापरीक्षणाच्या वेळी तेच विचारलं जातं. आणि १२ ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. पाच तासच नीट बसत असतील तर पाचच न्या.

आखणीची सुरुवात कुठून करायची? आधी व्हिडिओ तयार करून ठेवू का?

व्हिडिओ सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी सर्वाधिक विचारणा होते ती माइक कुठला घ्यावा याची, आणि आम्ही ती मुद्दाम पुढे ढकलतो.

१९९८मध्ये ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी मांडलेली उलट्या क्रमाची आखणी इथे उपयोगी पडते. युनिटच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवायचं. ते आलं हे कशावरून ओळखायचं ते मग. आणि शिकवायचं कसं हे त्यानंतर. सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे विषयाची अपेक्षित फलितं) लिहिताना ‘समजून घेतील’, ‘माहिती होईल’ अशी क्रियापदं आपण सर्रास टाकतो. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत ती खपतात, पण त्यांवरून एकही तास आखता येत नाही. ‘काढून दाखवेल’, ‘चूक शोधेल’, ‘कारणासह निवडेल’ असं लिहिलं की पुढचं सुचायला लागतं.

यात आम्ही आमची एक पायरी घालतो. उद्दिष्ट ठरलं की ‘ऑनलाइन काय न्यायचं?’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि विचारायचं: हे साठ जण एकाच वेळी एका खोलीत आहेत, मी त्यांच्यासमोर आहे, म्हणून असं काय घडू शकतं जे एरवी घडणार नाही? वर्गाचा तास त्यासाठी राखायचा. त्या तासाची तयारी आणि त्याचा पाठपुरावा ऑनलाइन जातो. उलट दिशेने गेलात, म्हणजे आधी सोपं वाटेल ते ऑनलाइन टाकलंत, तर वर्गात काय करायचं हा प्रश्न तुम्हाला सत्रभर छळेल.

एखादं खरं उदाहरण दाखवा.

प्रात्यक्षिक भूगोलातल्या समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, घेऊ. नेहमीची पद्धत अशी: पहिल्या तासाला व्याख्या, दुसऱ्याला शंकूच्या आकाराची टेकडी, पठार, दरी यांच्या आकृत्या, तिसऱ्याला फळ्यावर काढलेला छेद (जमिनीचा चढउतार बाजूने दाखवणारी आकृती), जो मुलं जर्नलमध्ये उतरवतात. जर्नल देखणं होतं. पण खरा स्थलदर्शक नकाशा पुढे ठेवला की उतार कुठल्या दिशेला आहे, हे निम्म्यांना सांगता येत नाही.

आता उद्दिष्ट असं लिहू: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन बिंदू दिले, तर विद्यार्थी त्यांच्यामधला छेद काढेल आणि एका बिंदूवरून दुसरा दिसेल की नाही ते कारणासह सांगेल.

वर्गातच होईल अशी गोष्ट म्हणजे वाद. चौघांत एक नकाशा, दोन बिंदू, आणि ‘दिसतो’ की ‘नाही दिसत’ यावर गटाला एकमताने उत्तर द्यायचं. मध्ये डोंगराची सोंड आडवी येईल असे बिंदू निवडले की गट हमखास फुटतो आणि मग मुलं आपणहून रेषा मोजू लागतात. शिक्षक गटागटांतून फिरतो. कोण रेषेचा आकडा वाचतोय आणि कोण नुसत्या अंदाजावर बोलतोय, हे त्याला तिथेच दिसतं. फळ्यासमोर उभं राहून ते कधीच दिसलं नसतं.

या वादाला मुलांनी तयार होऊन यायला हवं, म्हणून आदल्या दोन दिवसांत पाच मिनिटांचा एक व्हिडिओ: समोच्च रेषा म्हणजे काय, या नकाशांवर सलग दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक असतो म्हणजे काय, आकडे कसे वाचायचे. सोबत चार प्रश्नांचा गुगल फॉर्म, शेवटचा प्रश्न ‘कुठे अडलं?’ असा. वर्गाआधी शिक्षकाने वाचायचा तो हा शेवटचा रकाना.

वर्गानंतर प्रत्येकाने वेगळ्या दोन बिंदूंचा छेद काढायचा, त्याचा फोटो आणि एक मिनिटाचं बोललेलं स्पष्टीकरण पाठवायचं. त्यातले दोन चुकलेले छेद, नावं झाकून, पुढच्या तासाची सुरुवात करून देतात. नकाशे विकत घ्यायला नकोत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून ओपन सीरीजचे नकाशे उतरवून घेता येतात. कॉलेजजवळ टेकडी असेल तर तिचाच नकाशा घ्या आणि उत्तर बरोबर आहे का ते वर चढून बघा.

यातून काय वजा झालं तेही पाहा. लिहून दिलेली टिपणं गेली, फळ्यावरून उतरवलेला छेद गेला. वर्गातले तीन तास दोनवर आले आणि तिसरा ऑनलाइन कामाला मिळाला.

प्रशिक्षणात आम्ही नेमकं काय करणार? पुन्हा पीपीटीच का?

तुमच्या स्वतःच्या एका युनिटची पुनर्रचना करणार. डायना लॉरिलार्ड यांनी शिकण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: माहिती मिळवणं, शोध घेणं, सराव, चर्चा, सहकार्याने काम आणि काहीतरी तयार करणं. त्यांवर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लाइव्ह यंग आणि नताशा पेरोविच यांनी एबीसी नावाची नव्वद मिनिटांची कार्यशाळा बसवली. सहा प्रकारांची सहा रंगीत कार्डं असतात, आणि शिक्षक आपल्या विषयाचा आठवड्याआठवड्याचा पट्टा टेबलावर मांडतात. आम्ही ती मराठीत करून घेतो. पहिल्या फेरीत बहुतेकांच्या पट्ट्यावर ‘माहिती मिळवणं’ एवढा एकच रंग दिसतो. तो पट्टा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय प्रशिक्षणही ब्लेंडेडच असतं: सुरुवातीला दोन दिवस प्रत्यक्ष, मग चार आठवडे ऑनलाइन काम, शेवटी एक दिवस पुन्हा एकत्र. ऑनलाइन काम वेळेत न झाल्याची लाज, फोरमवर पहिलं वाक्य लिहिताना होणारा संकोच आणि सूचना संदिग्ध असल्याचा वैताग तुम्हीही विद्यार्थी म्हणून अनुभवावा, अशी अपेक्षा आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणच पुरेसं नाही का? प्रवास तरी वाचेल.

आपल्याकडचा एक मोठा दाखला पाहा. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प झाला. व्याख्यानं मुंबईहून थेट प्रक्षेपित होत, पण शिक्षक देशभरातल्या दूरस्थ केंद्रांवर एकत्र जमत आणि प्रात्यक्षिकं तिथल्या समन्वयकाच्या देखरेखीखाली करत. समन्वयकांना आधी मुंबईत बोलावून तयार केलं जाई. माझ्या मते या योजनेचा कणा उपग्रह किंवा इंटरनेट नव्हता, तो स्थानिक समन्वयक होता. शंका आली की मान वळवून विचारता येईल असा माणूस जवळ हवा. म्हणून एका कॉलेजातून एकट्याने येऊ नका, निदान दोघांनी या.

दोन दिवसांच्या एफडीपीतही (शिक्षकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातही) प्रमाणपत्र मिळतं. मग चार आठवडे कशाला?

केवळ प्रमाणपत्र हवं असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, असं सरळ सांगितलेलं बरं. दोन दिवसांत संकल्पना कळते. आखलेला तास विद्यार्थ्यांवर चालवून पाहायला आणि दुरुस्त करायला आठवडे लागतात.

व्हिडिओ मीच करायला हवा का? किती मिनिटांचा?

स्वयमवर, यूट्यूबवर किंवा सरकारच्या दीक्षा व्यासपीठावर चांगला तयार असेल तर तोच वापरा. आपल्या अभ्यासक्रमाशी जिथे जुळत नाही, तेवढंच स्वतः करा.

लांबीबद्दल २०१४चा फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त धरून ठेवतात असं दिसलं. सहाचा आकडा पवित्र मानायचं कारण नाही, पण पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही हे नक्की.

आयआयटी मुंबईतच सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत एक युक्ती पद्धतशीरपणे वापरली: व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, विद्यार्थ्याने उत्तर लिहायचं, मग पुढे जायचं. हे फोनवरही जमतं. ‘आता थांबा आणि वहीत लिहा’ एवढं म्हणालात तरी पुरे. सॉफ्टवेअर शिकवायचं असेल तर त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलची रीत पाहा: विद्यार्थी एका बाजूला व्हिडिओ लावतो आणि दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करत जातो. ही ट्युटोरियल मराठीतही आहेत.

साधनं: फोन, वायरवाला इयरफोन, खिडकीकडे तोंड. पंखा बंद.

आमची मुलं खेड्यातली. घरात एकच फोन, रेंज नाही. त्यांचं काय?

हा आक्षेप नसून आखणीची पहिली अट आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात कागदावर विचारा: फोन स्वतःचा आहे का, कुठल्या वेळी हातात असतो, रेंज कुठे मिळते, डेटा दिवसाला किती. फॉर्म ऑनलाइन भरून घेतलात तर ज्यांची माहिती हवी तेच गळतील.

मग काही गोष्टी आपोआप ठरतात. ठरलेल्या वेळचा ऑनलाइन तास ठेवायचा नाही. काम दोन-तीन दिवसांच्या मुदतीत करायचं असू द्या. व्हिडिओ कमी रेझोल्यूशनचा आणि उतरवून ठेवता येईल असा. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीच्या ॲपवर साहित्य उतरवून नंतर इंटरनेटशिवाय बघता येतं. एसटीने येणाऱ्या मुलांकडे बसची वाट पाहण्याचा वेळ कॉलेजातच असतो. त्या वेळात ग्रंथालयातले संगणक आणि वायफाय खुले ठेवण्याची परवानगी प्राचार्यांकडून आधी घ्या. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची नावं तुम्हाला माहीत हवीत आणि त्यांच्यासाठी छापील पान तयार हवं. ते देताना गाजावाजा नको.

मुलं घरी बघूनच येत नाहीत. मग वर्गात पुन्हा शिकवावं लागतं.

पुन्हा शिकवलंत की तिथेच संपलं. जे करून आले त्यांना कळतं की करायची गरज नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात तेही येत नाहीत.

न बघता आलेल्यांना मागच्या बाकावर दहा मिनिटं द्या, तिथे बसून व्हिडिओ बघू द्या आणि मग गटात घ्या. बाकीचा वर्ग सुरू झालेला असेल. अंतर्गत मूल्यमापनातले थोडे गुण या तयारीला ठेवा. ‘फॉर्म भरला’ एवढ्यालाच गुण, बरोबर-चूक न पाहता. पहिले दोन-तीन आठवडे कुरकुर होते, क्वचित ‘सर शिकवतच नाहीत’ अशी तक्रार विभागप्रमुखांपर्यंत जाते. म्हणून विभागप्रमुखांना सत्राच्या आधीच विश्वासात घ्या.

आणि एकदा स्वतःला विचारा: घरी दिलेलं काम खरंच लागणार होतं का? मुलं हुशार असतात. जे लागत नाही ते ती करत नाहीत.

वर्गात १२० जण. चर्चा कशी घेणार?

हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात मोठ्या वर्गांसाठीच रूढ केलेली पद्धत वापरा. विचार करायला लावणारा एक बहुपर्यायी प्रश्न फळ्यावर. प्रत्येकाने न बोलता उत्तर ठरवायचं आणि बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याचं पाहून बदलता येत नाही. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा बोटं मागा. त्याहून कमी बरोबर असतील तर समजावून सांगा, जास्त असतील तर पुढे चला. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातल्या मॅडमना आधी सांगून ठेवा.

यात काम दुप्पट होत नाही का? मी तर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे.

होतं, आणि याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी एका युनिटची आखणी नेहमीच्या तयारीच्या कितीतरी पट वेळ खाते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना वर्गात घेतलेल्या तासाचेच पैसे मिळत असतील, तर ऑनलाइन कामाचा वेळ पदरचा जातो. तो कार्यभारात धरायचा की नाही हा निर्णय संस्थेचा आहे, आणि तो प्रशिक्षणाआधी लेखी मागा.

तुमच्या हातात आहे ते इतकंच: एका सत्रात एकच युनिट बदला, आणि नवीन काही घालण्याआधी जुनं काही काढा. जुनं सगळं तसंच ठेवून वर ऑनलाइन रचलं की दीड अभ्यासक्रम होतो. त्याखाली शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही दबतात, आणि ब्लेंडेडला बदनामी मिळते ती बहुतेक इथेच.

मूडल, गुगल क्लासरूम की व्हॉट्सॲप?

कॉलेजात जे आधीच चालू आहे ते. नवीन सॉफ्टवेअर शिकण्यात पहिला महिना जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲप सूचनेसाठी उत्तम, साहित्यासाठी वाईट. तीन दिवसांनी तिथे काहीही सापडत नाही.

साहित्य मराठीत की इंग्रजीत?

वर्गात तुम्ही ज्या भाषेत समजावता त्याच भाषेत. पारिभाषिक शब्द परीक्षेत इंग्रजीत येणार असतील तर ते पडद्यावर लिहून दाखवा.

यात एक तांत्रिक खोच आहे. अनेक विभागांतली जुनी टिपणं श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फाँटांत टाइप केलेली आहेत. ती मुलांच्या फोनवर निरर्थक अक्षरं होऊन उघडतात, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीनरीडर त्यातून मराठी वाचू शकत नाही. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच, तो नुसता फोटो असतो. म्हणून आधी सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रूपांतरानंतर एकदा वाचून घ्या, कारण जोडाक्षरं बिघडतात.

पुस्तकातली पानं टाकली तर कॉपीराइटचा त्रास होईल?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये तिचा अर्थ व्यापक लावला. तरीही आपल्या वर्गापुरतं प्रकरण देणं वेगळं आणि अख्खं पुस्तक जगासाठी खुलं करणं वेगळं. वर्ग बंद ठेवा, लागतील तेवढीच पानं द्या, लेखकाचं नाव लिहा.

घरचं काम मुलं चॅटजीपीटीकडून करून आणतात.

आणणारच. पकडत बसण्याऐवजी वर्गाचा तास त्या कामावरूनच सुरू करा. वरच्या उदाहरणात बोललेलं स्पष्टीकरण मागितलं ते काही अंशी यासाठीच. ‘तुझ्या छेदात इथे उतार तीव्र का?’ असं गटात विचारलं की लगेच कळतं. निबंधवजा प्रश्न घरी देणं मात्र आता कमीच करा.

पण याने शिकणं खरंच सुधारतं का?

अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. केवळ वर्गातल्या शिक्षणापेक्षा ब्लेंडेडमध्ये विद्यार्थी सरस दिसले. पण अशा अभ्यासक्रमांत बहुधा वेळ आणि साहित्यही जास्त असतं, त्यामुळे फरकाचं श्रेय माध्यमाला देता येत नाही, असा इशारा त्यांनीच दिला. मला तो इशारा मूळ निष्कर्षापेक्षा मोलाचा वाटतो. प्राचार्यांना निकालाची हमी देऊ नका.

येताना काय आणायचं?

लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर फोन चालेल. विद्यापीठाचा मंजूर अभ्यासक्रम, गेल्या वर्षीचा टीचिंग प्लॅन आणि ज्या युनिटमध्ये मुलं सर्वांत जास्त चुकतात त्याच्या दहा-बारा तपासलेल्या उत्तरपत्रिका किंवा जर्नलं, नावं झाकून. तुम्हाला सर्वांत छान शिकवता येणारं युनिट आणू नका.